शिरेआधी ग्रॅनाइट शोधा : कथिल आणि चांदीच्या तपासाची वाट

विहिरीच्या खोदकामात चमकणारा दगड निघतो. ओढ्याच्या वळणावर काळी, जड वाळू साचलेली दिसते. डोंगर कापून रस्ता काढताना गारगोटीची पांढरी शीर उघडी पडते. मग फोटो येतात आणि त्यांच्यासोबत तेच प्रश्न येतात : ही चांदी आहे का? हे कथिल असेल का? सातबारा माझ्या नावावर आहे, तर निघेल ते माझे का? भूविज्ञानाचे विद्यार्थी थोडे वेगळे विचारतात : अग्निज खडकाजवळच्या धातुवाहक शिरा तपासायच्या, तर सुरुवात कुठून करायची?

सगळ्यांना पहिले सांगणे एकच. हातातल्या दगडापासून सुरुवात करू नका. ती शीर ज्या खडकामुळे तयार होऊ शकते, तो खडक आसपास आहे का, हे आधी पाहा. कथिलाचा शोध ग्रॅनाइटपाशी सुरू होतो. याच कुळातल्या शिरांमधली चांदी बहुधा त्या ग्रॅनाइटपासून दूर जाताना भेटते. हा क्रम उलटा केला की पैसे आणि वर्षे दोन्ही वाया जातात.

पायाखाली कोणता खडक आहे?

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकलेला आहे. ‘बेसॉल्टही अग्निजच ना, मग आमच्याकडे चांदी का नाही?’ असे पुष्कळ जण विचारतात. बेसॉल्ट हा भूपृष्ठावर पसरलेला लाव्हा आहे. कथिल आणि त्याच्या कुळातली चांदी गोळा होण्यासाठी सिलिकेने समृद्ध शिलारस जमिनीखाली अडकावा लागतो, हळूहळू थिजावा लागतो आणि शेवटी उरलेल्या पाणीदार, धातुयुक्त द्रवाला भेगांमधून बाहेर पडायला वाट मिळावी लागते. दख्खनच्या थरांत हे घडलेले नाही. नाशिक, पुणे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात विहिरीतून निघणारे सुंदर चमकते स्फटिक झिओलाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी असतात. संग्राहकांच्या दृष्टीने त्यांना मोल आहे, पण त्यांत चांदी नाही.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आणि सिंधुदुर्गाच्या काही भागांत मात्र बेसॉल्टहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत. तिथे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात गारगोटीच्या शिरांत टंगस्टन सापडले आहे आणि टंगस्टन हा कथिलाचा जुना सोबती. म्हणून तिथे कथिलाची खाण आहे, असा अर्थ काढू नका. तिथला दगड तपासण्यालायक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नकाशासाठी कुणाला पैसे देऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर खडकांचे नकाशे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात भूरासायनिक आणि भूभौतिक माहितीही मिळते. आपले गाव शोधा, खडकाचे नाव वाचा. ते बेसॉल्ट असेल, तर पुढचे सारे वाचून ठेवा, पण खर्च करू नका.

ग्रॅनाइट दिसला, पण तो कामाचा आहे का?

बहुतेक ग्रॅनाइट कथिलाच्या दृष्टीने कोरडे असतात. ज्यांच्याकडे लक्ष द्यावे त्यांच्या खुणा अशा :

- पांढरा अभ्रक भरपूर, काळी खनिजे कमी.
- काळ्या टुर्मलीनच्या सुया किंवा झुबके, जांभळट-हिरवट फ्लुओराइट, क्वचित पुष्कराज.
- खडकाच्या माथ्याशी किंवा शिरांच्या काठाने ‘ग्रायझेन’, म्हणजे फेल्डस्पार नाहीसा होऊन गारगोटी आणि पांढरा अभ्रक उरलेला करडा, चकचकीत दगड.
- चुंबकाला खडकाची पूड फारशी चिकटत नाही. ही खूण पुष्कळदा विसरली जाते. ज्या शिलारसात मॅग्नेटाइट तयार होतो, त्यात कथिल इतर खनिजांत विखरून जाते. मॅग्नेटाइट नसलेल्या शिलारसात ते शेवटच्या द्रवापर्यंत टिकून राहते.

आपल्या देशातले पाहण्याजोगे उदाहरण हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातले तोशाम. तिथे ‘मलानी’ नावाच्या प्राचीन काळातल्या ज्वालामुखी खडकांबरोबर ग्रॅनाइट आहे आणि कथिल, टंगस्टन, तांबे यांच्या खुणा एकत्र दिसतात. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या दंतेवाडा-सुकमा भागातले कथिल मात्र पेग्मटाइटमधले, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटी खडकातले. दोन्हींच्या तपासाची रीत वेगळी असते. बस्तरात शिरांच्या भेगा मोजत बसण्यापेक्षा पेग्मटाइट झिजून ओढ्यात उतरलेले कण मागे शोधत जाणे फळते.

पट्टे : कथिल आत, चांदी बाहेर

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये हा क्रम खाणकामगारांनी पुस्तके लिहिली जाण्याआधी ओळखला होता. ग्रॅनाइटच्या आत आणि लगत कथिल-टंगस्टन, त्यापलीकडे तांबे, त्याहून दूर शिसे, जस्त आणि चांदी. द्रव ग्रॅनाइटपासून दूर जाताना थंड होत जातो आणि एकेक धातू मागे सोडतो. उंचीतही हेच. कॅम्बोर्नजवळची डॉल्कोथ खाण आधी तांब्यासाठी प्रसिद्ध होती. तांबे आटले, तेव्हा मालकांनी धीर धरून खाली खणले आणि त्याच शिरेत कथिल लागले. पेरूच्या पुनो प्रदेशातली सान राफाएल खाणही वर तांब्याची आणि खोलवर कथिलाची.

तपास करणाऱ्याने यातून तीन गोष्टी घ्याव्यात.

एक : शिसे-जस्ताची शीर सापडली, तर नकाशावर सर्वांत जवळचा ग्रॅनाइट कोणत्या दिशेला आहे ते पाहा आणि त्या दिशेने नमुने घेत जा. तांबे किंवा आर्सेनिक वाढत गेले, तर तुम्ही उगमाकडे सरकत आहात.

दोन : शिरेची दिशा कंपासने मोजून वहीत लिहा. कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या शिरा साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य जातात आणि शिसे-चांदीच्या कित्येक शिरा त्यांना छेदून उत्तर-दक्षिण. दिशा न लिहिता दोन्हींचे नमुने एका पिशवीत गेले, तर प्रयोगशाळेचा कितीही चांगला अहवाल त्यांना पुन्हा वेगळे करू शकत नाही.

तीन : हे पट्टे नेहमी सुटे-सुटे नसतात. बोलिव्हियातले पोतोसीचे सेरो रिको घ्या. सुमारे १ कोटी ३८ लाख वर्षांपूर्वी डेसाइटचा शिलारस जमिनीच्या अगदी जवळ येऊन थिजला. उथळ जागी तापमान झपाट्याने उतरले, त्यामुळे कथिल आणि चांदी एकाच डोंगरात, जवळजवळ एकमेकांवर बसली. १५४५ पासून स्पॅनिश वसाहतीने तिथली चांदी उपसली. वरच्या भागात हवा-पाण्याने मूळ धातुके कुजून चांदी अधिक समृद्ध झाली होती. कथिलाकडे गंभीरपणे लक्ष गेले ते फार नंतर. त्या डोंगरात सक्तीने उतरवलेल्या आदिवासींनी या चांदीची जी किंमत मोजली, ती भूविज्ञान शिकणाऱ्याने वाचली पाहिजे असे मला मनापासून वाटते. तांत्रिक धडा हा की पृष्ठभागाजवळचा चांदीचा समृद्ध नमुना खालीही तसाच राहील, असे कधीच धरू नये.

आणखी एक सावधगिरी. भारतात निघणारी बहुतेक चांदी राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खाणींतून येते. त्या साठ्यांचा संबंध जुन्या गाळाच्या खडकांशी आहे, ग्रॅनाइटच्या शिरांशी नाही. राजस्थानचा दाखला देऊन कुणी तुमच्या ग्रॅनाइटमधली चांदी विकू लागला, तर थांबा.

ओढ्यापासून वर चढत जा

कथिलाचे मुख्य खनिज कॅसिटेराइट. ते पाण्याहून जवळजवळ सातपट जड, कठीण आणि झिजेला न जुमानणारे. म्हणून ते ओढ्याच्या तळाशी, कातळाच्या खाचांत, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला साठते. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन झारेकरी सोन्याचा कण काढतात, तीच युक्ती इथे चालते. उथळ परातीत वाळू घ्या, पाण्यात हेलकावत हलके कण सोडून द्या आणि तळाशी उरलेला काळा-तपकिरी भाग वाळवून ठेवा.

प्रत्येक उपओढ्याच्या संगमाच्या वर वेगळा नमुना घ्या. ज्या फाट्यात कण मिळत राहतात, त्या फाट्याने वर जा. जिथे ते एकदम थांबतात, त्याच्या थोडे खाली, उताराच्या वरच्या बाजूला उगम शोधा. परातीतली वाळू समान मापाने घेतली नाही, तर दोन ठिकाणांची तुलना होत नाही.

इथे दोन फसगती ठरलेल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरची काळी जड वाळू प्रामुख्याने इल्मेनाइटची असते. काळी आहे, जड आहे, पण कथिल नाही. दुसरी म्हणजे गावाखालच्या ओढ्यात पत्र्याचे डबे आणि डाग देण्याच्या मिश्रधातूचे कण असतात. त्यांत खरेच कथिल असते, म्हणून अहवाल खोटा नसूनही दिशाभूल करतो. नमुना वस्तीच्या वर घ्या.

हातातल्या दगडाची ओळख

फरशीच्या न चकाकणाऱ्या पाठीवर दगड घासा. उमटणाऱ्या रेघेचा रंग, म्हणजे खनिजाचा कस, बाहेरच्या चमकीपेक्षा अधिक खरे बोलतो.

- अभ्रक : पातळ पापुद्रे नखाने सुटतात, हलके असते. ‘चांदी’ म्हणून येणाऱ्या फोटोंत हेच सर्वाधिक.
- पायराइट : पितळी पिवळा, चाकूने ओरखडा उठत नाही, कस हिरवट काळा.
- गॅलेना : शिशाचे धातुक. खूप जड, मऊ, फोडले की घनाकृती तुकडे पडतात, कस करडा. त्यात चांदी असू शकते, पण डोळ्यांनी कळत नाही.
- आर्सेनोपायराइट : रुपेरी पांढरा, कठीण. हातोडीने मारल्यावर लसणासारखा वास येतो. कथिलाच्या शिरांचा नित्याचा साथी आणि विषारी. तापवू नका, चुलीत टाकू नका, हाताळल्यावर हात धुवा.
- कॅसिटेराइट : तपकिरी ते काळा, हिऱ्यासारखी तेजस्वी चमक, चाकूला दाद देत नाही, कस पांढुरका ते फिका तपकिरी. हातात घेतल्यावर त्याचे वजन लगेच जाणवते.

कॅसिटेराइटची एक जुनी खात्रीची कसोटी आहे. जस्ताचे तुकडे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांत कण ठेवले की त्यांवर कथिलाचा राखाडी थर चढतो. पण ही कसोटी घरी करू नका. नमुन्यात आर्सेनिक असेल, तर जस्त आणि आम्ल मिळून आर्सिन नावाचा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटातच ती करवून घ्या.

शुद्ध धातूच्या रूपात तारांसारखी चांदी निसर्गात मिळते, पण फार क्वचित.

शिरेचा नमुना घेताना

माणसाचा हात आपोआप सर्वांत चमकदार तुकड्याकडे जातो. तो तुकडा कपाटात ठेवा, प्रयोगशाळेत पाठवू नका. शिरेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, तिला आडवी, सारख्या रुंदीची आणि खोलीची चर काढून निघालेला सगळा चुरा घ्या. शिरेच्या दोन्ही बाजूंचा खडक वेगळ्या पिशवीत भरा. जागा, दिशा, कल, जाडी लगेच लिहा. घरी जाऊन लिहिलेल्या नोंदींवर विसंबू नका.

जाडीत पुष्कळ जण चुकतात. ३० अंशांनी कललेली शीर सपाट जमिनीवर २ मीटर रुंद दिसली, तर तिची खरी जाडी १ मीटरच असते.

समृद्ध भागही शिरेभर सारखा नसतो. शीर वळते, रुंदावते किंवा दुसऱ्या शिरेला छेदते तिथे धातू अधिक जमतो. त्यामुळे एकाच ठिकाणचा चांगला आकडा फार काही सांगत नाही. ठरावीक अंतरावर नमुने घ्या, वाईट आकडेही नकाशावर मांडा.

जुन्या खाणींच्या बोगद्यात मात्र उतरू नका. तिथे प्राणवायू कमी असू शकतो, छत सैल असते आणि भिंतींवर बुरशीसारखे दिसणारे आर्सेनिकचे पांढरट-हिरवट थर असू शकतात.

प्रयोगशाळा : सर्वांत महागडी चूक इथे होते

कॅसिटेराइट साध्या आम्लांत विरघळत नाही. अम्लराजातही नाही, चार आम्लांच्या मिश्रणातही नीट नाही. ‘सर्व धातूंची तपासणी’ असे स्वस्त पॅकेज घेतले की चांदी, शिसे, तांबे बरोबर येतात आणि कथिल जवळजवळ शून्य दिसते. चांगली शीर अशा अहवालामुळे सोडून दिली जाऊ शकते. म्हणून अर्जावर स्पष्ट लिहा : कथिलासाठी नमुना सोडियम पेरॉक्साइड किंवा लिथियम बोरेटबरोबर वितळवून तपासावा, किंवा क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धत वापरावी. चांदीसाठी आम्लपद्धत चालते. प्रमाण जास्त आले, तर मुशीत वितळवून केली जाणारी फायर ॲसे मागा.

एकक नीट वाचा. दशलक्षात १ भाग म्हणजे टनामागे १ ग्रॅम. चांदी दशलक्षात ३०० आली, तर तो टनाला ३०० ग्रॅमचा अतिशय चांगला नमुना. कथिल ३०० आले, तर ते फक्त ०.०३ टक्के, शोधाची दिशा दाखवायला उपयोगी, खाणीसाठी अपुरे. कथिल १ टक्का म्हणजे टनामागे १० किलो.

शिवाय हे पाळा :

- प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त आहे का आणि तिची मान्यता याच चाचणीसाठी आहे का, दोन्ही विचारा.
- काही नमुने दोन भागांत करून वेगळ्या क्रमांकाने पाठवा. दोन उत्तरे जुळतात का पाहा.
- मधूनच धातू नसल्याची खात्री असलेला दगडही पाठवा. त्यात चांदी निघाली, तर दळण्याच्या यंत्रातून मिसळ होत आहे.
- हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रावर चांदीचा आकडा पाहून उड्या मारू नका. कमी प्रमाणातल्या चांदीसाठी ते विश्वासार्ह नाही.
- एकूण कथिल आणि काढता येणारे कथिल वेगळे. काही खडकांत ते गार्नेटसारख्या सिलिकेट खनिजांत अडकलेले असते आणि निघत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

अहवालाच्या तळाशी ‘हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता’ अशी ओळ असते. दलाल तुमच्यापुढे कागद धरेल, तेव्हा ती ओळ आधी वाचा आणि नमुना कुठून, कुणी घेतला ते विचारा.

जमीन तुमची, खनिज कुणाचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क राज्य शासनाचा असतो. जमीन देतानाच्या सनदेत स्पष्टपणे वेगळे लिहिले असेल तरच अपवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या केरळमधील निकालाचा हवाला देऊन ‘जमिनीखालचेही मालकाचेच’ असे सांगितले जाते. तो निकाल मलबारमधल्या जमीनधारणेबद्दल होता आणि कायद्याने हक्क काढून घेतलेला नसेल तिथेच तो लागू पडतो. आपल्याकडे कलम ४८ आहे.

खाण आणि खनिजे (विकास व नियमन) कायदा, १९५७ प्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचा शोध किंवा उत्खनन करता येत नाही. पडलेला दगड उचलून ओळखून घेणे वेगळे. खनिजासाठी खड्डे, चर, बोअर घेत सुटलात, तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने दिले जातात. ‘आधी अर्ज करा, हक्क तुमचा’ हे आता खरे नाही. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. २०२३ च्या दुरुस्तीने २४ खनिजे महत्त्वाची म्हणून वेगळी केली. त्यांत कथिल आहे आणि त्यांचा लिलाव केंद्र सरकार करते. चांदीसह खोलवरच्या खनिजांसाठी स्वतंत्र अन्वेषण परवाना आला आहे, पण तोही लिलावानेच मिळतो.

मग जमीनधारकाला काय मिळते?

- पिके, झाडे, बांध, विहीर यांच्या नुकसानीची आणि जमीन वापरली गेल्याची भरपाई. ती मोजली जाताना हजर राहा, पंचनाम्याची प्रत घ्या.
- शिवार वनजमिनीत असेल, तर वन हक्क कायदा, २००६ खालचे हक्क. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे म्हणणे निर्णायक ठरू शकते. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली, ती न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या ग्रामसभांतूनच. ठराव लेखी, उपस्थितांच्या सह्यांसह करा.
- खाण सुरू झाली, तर बाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. त्यातून आपल्या गावात काय झाले, हे माहिती अधिकारात विचारता येते.

कुणाला लिहायचे?

या बाबतीत महाराष्ट्राचे भाग्य चांगले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्र कार्यालय, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय ही तिन्ही नागपुरात आहेत. खनिजाच्या शक्यतेबद्दल संचालनालयाला लिहा आणि प्रत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला द्या. पत्रात गट क्रमांक, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, नकाशावरचे खडकाचे नाव, शिरेची दिशा, कल आणि जाडी लिहा. दगडाचा फोटो नाण्याशेजारी ठेवून काढलेला असावा आणि दुसऱ्या फोटोत तो जिथून घेतला ती संपूर्ण जागा दिसावी. प्रयोगशाळेचा अहवाल असल्यास जोडा, चाचणीची पद्धत नमूद करा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.